‘समजलं का?’ या प्रश्नाबद्दल

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहायच्या असतात. घंटा, बाक आणि मैदानावर इतर मंडळी लिहितीलच. पुढे शिक्षकी पेशात गेलेला विद्यार्थी म्हणून मी माझी जागा वर्गात रोज विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाला देतो : ‘समजलं का?’

सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो. गणित अजून फळ्यावर असतं, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. हा फरक ज्याचा त्याला कळणं हा अधिबोधाचा, म्हणजे स्वतःच्या विचार करण्याविषयी असलेल्या जाणिवेचा, गाभा. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात त्याला ‘मेटाकॉग्निशन’ हे नाव दिलं. नेल्सन आणि डन्लॉस्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९९१च्या प्रयोगात शब्दांच्या जोड्या पाठ केल्याबरोबर ‘हे नंतर आठवेल का?’ असं विचारलं, तेव्हा अंदाज बरेच चुकले. थोडा वेळ जाऊ देऊन विचारलं, तेव्हा ते कितीतरी अचूक आले.

म्हणून विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत. पुस्तक बंद, तीन छोटे प्रश्न. उत्तर लिहिलं की समासात एक खूण : ‘ख’ म्हणजे खात्री, ‘क’ म्हणजे कदाचित, ‘अं’ म्हणजे नुसता अंदाज. मग वेगळ्या रंगाच्या पेनाने ज्याचं त्यानेच तपासायचं. ‘अं’ लिहून चुकलेल्यांची फारशी काळजी नको, त्यांना आपलं अडलेलं ठाऊक आहे. थांबायचं ते ‘ख’ लिहून चुकलेल्या उत्तरापाशी. ‘०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, कारण २५ हे ३ पेक्षा मोठं’ असं खात्रीने लिहिणाऱ्याकडे एक नियम आहे, फक्त तो पूर्ण संख्यांचा आहे. त्याला पुन्हा तोच धडा ऐकवून उपयोग नाही. ०.३ म्हणजे ०.३० हे त्याच्याच हाताने संख्यारेषेवर मांडून घ्यावं लागतं.

या खुणांना गुण दिले की सगळं बिघडतं. मुलं हुशार असतात. सरसकट ‘क’ लिहून मोकळी होतात.

तोंडी प्रश्नांत घाई नडते. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणारे कमी झाले. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबायचं, हे बहुतेक जण विसरतात. ‘बरोबर!’ म्हटलं की बाकीच्यांचं डोकं चालणं तिथेच थांबतं.

चिकित्सक विचारासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६०चा खेळ एका तासात बसतो. फळ्यावर २, ४, ६ लिहा. हे तीन आकडे एका नियमात बसतात. तो ओळखण्यासाठी मुलांनी आपले त्रिकुट सांगायचे, तुम्ही फक्त ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ म्हणायचं. मुलं ८, १०, १२ देतात, मग २०, २२, २४, आणि ‘दोन-दोनने वाढतात’ असं जाहीर करतात. नियम एवढाच की आकडे चढत्या क्रमाने हवेत. वेसन यांच्या २९ जणांपैकी पहिल्याच घोषणेत बरोबर ठरले ६. उत्तर लगेच फोडू नका. त्याऐवजी विचारा, ‘तुमचा नियम खरा असेल, तर कोणतं त्रिकुट बसायला नको?’ कुणीतरी १, २, ९ म्हणतं, ‘बसतं’ ऐकू येतं आणि वर्गात कुजबुज सुरू होते. तोच प्रश्न मग इतिहासाच्या कारणांना आणि विज्ञानाच्या प्रयोगालाही लावता येतो. विचारकौशल्याचा वेगळा तास मला तरी पटत नाही. विषयाची माहितीच नसेल, तर शंका तरी कशाची घ्यायची?

तपासलेले पेपर परत देताना गुण झाकून ठेवा आणि आधी अंदाज लिहून घ्या. मग प्रत्येक चुकीपुढे कारण : माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, पायरी चुकली, वेळ पुरला नाही. ‘गडबडीत चुकलं’ हे कारण चालणार नाही असं आधीच सांगा, नाहीतर निम्मा वर्ग तेच लिहितो. हे कागद गोळा करून जपून ठेवा आणि पुढच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी ज्याचे त्याला परत द्या. त्याच दिवशी परत दिले, तर ते दप्तराच्या तळाशी जातात.