फ्रेममधून काय काय काढायचं

फोनमध्ये हल्ली ते इरेजर असतं ना, फोटोतला नको तो माणूस बोटाने गोल केला की गायब, ते अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर जेवढं वापरलं जात असेल तेवढं दुसरीकडे क्वचितच. टेकडी चढून वर यायचं, पायाखालचा संगमरवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घासून इतका गुळगुळीत झालेला की उतरताना रेलिंग सोडवत नाही, ऊन डोक्यावर, समोर पार्थेनॉन, अथेना देवीचं जुनं देऊळ, आणि त्याच्यापुढे ही गर्दी, दोऱ्या, परांची, क्रेन. भाच्याने फोन हातातून घेतला, "मामा, दे इकडे, साफ करून देतो," आणि दोन मिनिटांत माणसं गेली, दोऱ्या गेल्या, क्रेनपण गेली. फोटो झकास झाला, कॅलेंडरवर छापावा असा.

पण मला त्या फोटोची गंमत वेगळ्याच कारणाने वाटली. भाच्याने जे ठेवलं तेसुद्धा आधी कुणीतरी साफ करून ठेवलेलंच आहे, फक्त तेव्हा बोटाऐवजी पहारी आणि हातोडे होते.

म्हणजे बघा, देऊळ बांधायला घेतलं इ.स.पू. ४४७ मध्ये, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात, इक्टिनस आणि कॅलिक्रेटीस हे आर्किटेक्ट, शिल्पकामावर देखरेख फिडियासची, ४३८ मध्ये अथेनाची सोन्या-हस्तिदंताची मूर्ती आत बसली आणि राहिलेलं शिल्पकाम ४३२ पर्यंत चाललं. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. नंतरचं कुणी फारसं विचारत नाही, की बाबा पुढे दोन हजार वर्षं हे काय नुसतंच उभं होतं का? तर नाही. अथेनाचं देऊळ म्हणून ते जितकी शतकं चाललं जवळपास तितकीच शतकं ते मेरीचं चर्च होतं, मग १४५८ मध्ये अथेन्स तुर्कांकडे गेल्यावर त्याची मशीद झाली, एका कोपऱ्यात मिनार उभा राहिला, आणि १६८७ मध्ये मोठा स्फोट होऊन मधला भाग उडाल्यावर त्याच पडझडीच्या आत एक छोटी मशीद बांधली गेली. एकाच इमारतीत तीन धर्मांची माणसं पिढ्यानपिढ्या हात जोडून, गुडघे टेकून गेली.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये फोटोग्राफीची पद्धत जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जोली द लॉतबिनिएर नावाचा माणूस ते सगळं जड सामान घेऊन इथे हजर! मूळ प्लेट हरवली, तिच्यावरून केलेलं एन्ग्रेव्हिंग तेवढं राहिलं. तेव्हा ती छोटी मशीद अजून जागेवर होती. पुढच्या चार-पाच वर्षांतच ती काढली. ग्रीस नुकताच स्वतंत्र झालेला, नव्या देशाला पेरिक्लीसचा काळ तेवढा हवा होता, मधलं सगळं नको होतं. प्रवेशद्वाराशी मध्ययुगातला एक उंच टॉवर होता, जुन्या फोटोंमध्ये मस्त दिसतो, तो १८७५ मध्ये पाडला, खर्च केला ट्रॉय खोदणाऱ्या श्लीमानने. नवीन देशाची भावना मी समजू शकतो, पण टॉवरबद्दल मात्र वाईट वाटतं, तो कुणाच्या वाटेत उभा होता कोण जाणे.

बरं, पांढरा रंग. आपण पांढऱ्याशुभ्र खांबांचा फोटो काढतो आणि केवढं साधं, केवढं शांत म्हणतो, पण मुळात शिल्पं निळी, लाल, सोनेरी रंगवलेली होती, म्हणजे आपल्याकडच्या गावातल्या रंगीत शिखराच्या देवळाला नाक मुरडणाऱ्याने त्या काळात इथे येऊन काही उपयोग नव्हता. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने उचलून नेलेली शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तिथे १९३० च्या दशकात ती आणखी पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासली गेली होती! आणि गंमत म्हणजे २००९ मध्ये त्याच म्युझियमने कॅमेऱ्यानेच रंग शोधून काढला. इजिप्शियन ब्लू नावाच्या रंगावर लाल प्रकाश टाकला की तो इन्फ्रारेडमध्ये चमकतो, डोळ्याला काही दिसत नाही पण त्या खास कॅमेऱ्याला दिसतं, तर आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर तो निळा सापडला. कॅमेऱ्याने फक्त खोडायचंच काम केलंय असं नाही, हे सांगायला हवं.

आता परांचीबद्दल. लोक जाम वैतागतात, एवढ्या लांब आलो आणि हे काय. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी दुरुस्ती झाली त्यात दगडांना दगड जोडायला लोखंडी पट्ट्या घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर आतून फुटायला लागला. मूळ कारागिरांनीही लोखंडच वापरलं होतं, पण वरून शिसं ओतलं होतं, ते टिकलं. आता ते नंतरचं लोखंड काढून टायटेनियम घालतायत, १९७५ ला त्यासाठी समिती नेमली, काम अजून चालूच. आणि आत जी क्रेन आणली ती वापरात नसेल तेव्हा घडी होऊन छपराच्या मूळ रेषेखाली बसेल अशी मुद्दाम बनवून घेतली होती. म्हणजे इंजिनियर लोकांनीही आमच्या फोटोंचा विचार केला होताच की!

फोनवर ग्रिड लावून फोटो सरळ करायला जाल तर एक सांगतो, नादी लागू नका. पायऱ्या मधोमध किंचित वर उचललेल्या आहेत, लांब बाजूला साधारण अकरा सेंटिमीटर, खांब आतल्या बाजूला कललेले आणि मध्ये जरासे फुगीर. कोपऱ्याकडून पायरीच्या कडेने नजर टाकली की तो बाक स्पष्ट दिसतो. आख्ख्या देवळात सरळ रेघ शोधून सापडायची नाही, आणि तरी सगळं सरळ वाटतं.

पूर्ण देवळाचा फोटो हवा असेल तर खरंतर वर जाऊन उपयोगच नाही. समोरच्या फिलोपापू टेकडीवर जा, तिकीट नाही, संध्याकाळचा उजेड बरोबर पश्चिमेच्या बाजूवर पडतो, मधे काहीही आडवं येत नाही, अंतरही अगदी नेमकं. १६८७ च्या सप्टेंबरात, म्हणजे इकडे औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला त्याच सुमारास, व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याच्या तोफखान्यालाही हीच जागा सोयीची वाटली. तुर्कांनी देवळात दारूगोळा भरून ठेवला होता, बायकामुलंही आसऱ्याला आत होती, आणि इथून उडालेला एक गोळा छपरातून आत पडला. तीनशेच्या आसपास माणसं गेली, खांब बाहेर फेकले गेले. भाच्याने टेकडीवरून काढलेल्या फोटोत काही खोडायची गरज पडली नाही, तेवढीच झूम लेन्स मात्र पाहिजे असं तो म्हणत होता.