विकायचं कोणाला?

"स्ट्रायकर पाहिजे, लेफ्ट बॅक पाहिजे, एखादा मिडफिल्डरही घ्या." आम्हा चाहत्यांची, लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबसाठीची खेळाडू-खरेदीची यादी काल रात्री सातव्या नावावर पोचली होती. तेवढ्यात एरवी गप्प बसणारा एक मित्र म्हणाला, "बरं, आणि विकायचं कोणाला?"

सगळे चिडीचूप.

मला जानेवारी २०१८ आठवला. लिव्हरपूलने आपला मिडफिल्डर कुटिन्यो बार्सिलोना क्लबला विकला तेव्हा मी दोन दिवस धुसफुसत होतो. (जर्सीवर त्याचंच नाव होतं, काय करणार!) त्याच महिन्यात ७.५ कोटी पौंडांना बचावपटू व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलकीपर अलिसन. २०१९ ला युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकली.

तरी कालच्या माझ्या यादीत 'विका' असा रकानाच नव्हता. तुमच्या यादीत असतो का?