पेजखालची जागा

शाळांतून संगणक शिकवण्याची केंद्र सरकारची 'क्लास' योजना १९८४ साली सुरू झाली आणि पुढे तिच्यातूनच आपल्या शाळेत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. प्रयोगशाळेशेजारची खोली, चपला बाहेर. मेमरी सगळी मिळून ३२ केबी. पडद्याचा मोड ०, १ किंवा २ लावला की त्यातली २० केबी एकटा पडदाच खाई. खालची साडेतीन यंत्र स्वतःच्या कामाला ठेवी, उरलेल्या साडेआठात आपला संसार. डिस्क जोडली तर तेवढाही नाही. जागा पुरली नाही की 'बॅड मोड' एवढंच तुसडं उत्तर.

प्रोग्रॅममध्ये 'डिम' ही आज्ञा लिहून माहितीसाठी जागा राखता येई, पण दुसरा प्रोग्रॅम लोड केला की ती गेलीच. वरून हायमेम (प्रोग्रॅमच्या जागेची वरची हद्द) खाली ओढावा, तर मोड बदलताच तो पुन्हा आपल्या जागी. सरांचा (मूळचे गणिताचे!) उपाय सोपा होता : लोड करण्याआधीच पेजचा, म्हणजे मेमरीत प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या पत्त्याचा, आकडा वाढवायचा. प्रोग्रॅम पेजपासून वर चढतो. खालचा तुकडा मोकळा राहतो आणि एकामागून एक प्रोग्रॅम चढवले तरी त्यातलं हलत नाही. फक्त ब्रेकच्या कळीपासून हात लांब ठेवायचा, ती दाबली की पेज पुन्हा मूळ आकड्यावर. "खोपटच्या एसटी स्टँडला गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल टाकता ना? तसंच हे," असं सर म्हणत.

विज्ञान प्रदर्शनातली आमची प्रश्नमंजूषा याच जोरावर चालली. प्रश्न एका प्रोग्रॅमात, निकालाचे रंगीत आलेख दुसऱ्यात, कारण दोन्ही एकत्र मावेनात. नावं आणि गुण पहिल्याने पेजखाली बाइट-बाइट करून ठेवले, दुसऱ्याने तिथून उचलले. पाहुणे रंगांवरच खूश.

आता मी वागळे इस्टेटमध्ये मायक्रोकंट्रोलरचे (उपकरणांतल्या एका चिपवरच्या छोट्या संगणकांचे) प्रोग्रॅम लिहितो. मेमरीची ही वाटणी आम्ही लिंकरच्या (प्रोग्रॅमचे तुकडे जोडून त्यांना जागा नेमून देणाऱ्या साधनाच्या) फाइलीत करून ठेवतो : फ्लॅशच्या, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीच्या, सुरुवातीला बूटलोडर (आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम), पुढे मुख्य प्रोग्रॅम, आणि रॅमच्या टोकाला चिमूटभर जागा, जी सुरू होताना शून्य करायची नाही. रीसेट कशामुळे झाला, ते तिथे लिहून ठेवतो. प्रोग्रॅम फुगून हद्दीबाहेर गेला तर लिंकर सरळ नकार देतो. लिनक्स या संगणकप्रणालीत ठरावीक पत्त्यावरच मेमरी मागण्याचा 'मॅप फिक्स्ड' हा पर्याय एवढा सरळ नाही, त्या पत्त्यावर आधी जे असेल ते मुकाट्याने उडवतो. आधीच्याला धक्का न लावता नकार देणारा पर्याय लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीत, म्हणजे थेट २०१८ साली आला. फारच उशीर केला, असं माझं मत.

सध्याच्या संगणक शिक्षकांनी नववी-दहावीची मुलं घेऊन जरूर यावं. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि लिंकरची फाइल, दोन्ही उघडून दाखवीन.