शेवटचे तीन महिने

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला चादरींचा एक कारखाना दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलाच नाही. सूत आलं की चालू करू, असं मालक आधी म्हणाले. मग संक्रांतीनंतर बघू म्हणाले. मग एके दिवशी गेटवर भंगारवाल्याचा टेम्पो लागला, माग किलोवर विकायची बोलणी सुरू झाली आणि कामगार आमच्या युनियनच्या ऑफिसात आले. ही जानेवारी २०२३ मधली गोष्ट. ऑफिसातले कागद मी बघते: अर्ज, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची जुनी खाती, तारखा. कारखाना बंद पडल्याची प्रकरणं वर्षभर येत असतात. हे मात्र डोक्यातून जात नाही.

कारखाना एकच, पण कागदावर चार. एकाच पत्र्याखाली चार नावं: मालकांचं, त्यांच्या बायकोचं, भावाचं आणि पुतण्याचं. वीजमीटर चार, हजेरीपत्रकं चार, प्रत्येकात सात-आठ माणसं. यंत्रमागाच्या धंद्यात हे कुणाला नवीन नाही. पीएफचा कायदा वीस माणसांवर लागू होतो, ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचा, दहावर. माणसं त्या आकड्याच्या खाली वाटून ठेवली की तीस वर्षं काम केलेला माणूसही रिकाम्या हाताने घरी जातो.

कारखाना चार नाहीत, एकच आहे, हा मुद्दा जॉबरने सोडवला. मागांची दुरुस्ती करणारा हा माणूस भारी हिशेबी. कुठल्या मागाचा धोटा बदलला, कुठल्या जॅकार्डची दोरी तुटली, कुठे बीम चढवला, हे सगळं तो रोज खिशातल्या डायरीत लिहायचा. समेटाच्या बैठकीला येताना त्याने त्या डायऱ्या बाजाराच्या पिशवीत भरून आणल्या. एकाच दिवशी तो चारही ‘कारखान्यांत’ राबत होता, आणि मागांचे नंबर एकपासून बत्तीसपर्यंत सलग होते. कामगार अधिकाऱ्यांनी दोन-तीन डायऱ्या चाळल्या आणि मालकांच्या वकिलांना म्हणाले, “हा मुद्दा आता सोडा.”

खरी बोलणी त्यानंतर सुरू झाली.

मालक पंचावन्नच्या आसपासचे. कुटुंब तेलंगणातून आलेलं, वडिलांनी हातमागावर सुरुवात केलेली, शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांसारखं. ते आवाज चढवून बोलले नाहीत. म्हणाले, “गेल्या मे महिन्यात कापसाची खंडी लाखावर गेली. त्या भावाचं सूत घेऊन मी बसलोय. चादरीला तो भाव कोण देणार? बाजारात चायनाचं ब्लँकेट काय भावाने विकायलेत बघा तुम्ही. मी चालवू कसा कारखाना?”

हे खोटं नव्हतं, आणि मी तिथेच तसं बोलले. परदेशी मालाच्या आयातीवर राहिलेली संख्येची बंधनं आपण १ एप्रिल २००१ ला उठवली. जागतिक कापडव्यापारातली कोटा पद्धत २००४ च्या अखेरीस संपली. २०११ पासून बांगलादेशातून येणाऱ्या बहुतेक मालावर आपण आयातशुल्क घेत नाही. आणि पॉलिस्टरची ब्लँकेटं तर आता पानिपतमध्येही बनतात, तीही बऱ्याच ठिकाणी चिनी मशीनवर. जुन्या मागावर सुती चादर विणणाऱ्या सोलापूरला हे सगळं एकाच वेळी सोसावं लागलं. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी ‘सोलापुरी’ नावाने भलताच माल सर्रास विकला जातो. यावर कारखानदार आणि युनियन यांनी एकत्र बोंब मारायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आयातशुल्क हा फक्त मालकांचा विषय नाही. माग बंद पडला की पहिली उपासमार कामगाराचीच होते.

पण त्या दिवशी टेबलावर प्रश्न वेगळा होता: या मंदीचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

मालकांच्या कारकुनाने ग्रॅच्युइटीचा तक्ता करून आणला होता. तेव्हा ग्रॅच्युइटीला १९७२ चा कायदा लागू होता. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. महिन्याच्या पगारावरच्या माणसाचा हिशेब सोपा असतो, शेवटचा पगार धरायचा. आमचे विणकर मात्र नगावर काम करतात, जितक्या चादरी तितका पगार. अशा माणसासाठी कायदा म्हणतो, काम सुटायच्या आधीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या पगाराची सरासरी धरा. आता हे तीन महिने कुठले? सूत नाही म्हणून निम्मे माग बंद होते तेच. आठवड्यातले तीन दिवस काम, चार दिवस घरी.

तक्त्यातली पहिली ओळ एका विणकर मामांची होती. एकतीस वर्षं एकाच पत्र्याखाली. कारकुनाने त्यांचा दिवसाचा पगार सरासरीने २४० रुपये धरला होता. पंधराने गुणून ३,६००, एकतीस वर्षांचे १,११,६००. माग भरून चालायचे तेव्हा मामांना रोजाला ४५० पडायचे. त्या दराने हीच रक्कम २,०९,२५० होते. फरक ९७,६५० रुपयांचा. खंडीचा भाव, चायनाचं ब्लँकेट, पडून राहिलेलं सूत, या सगळ्याचा फटका त्या एका ओळीत मामांच्या एकतीस वर्षांवर मागे जाऊन बसला होता. बरं, मामांनी त्यातली एकतीसही वर्षं मंदीत काढली नव्हती. तेजीच्या हंगामात रात्रपाळी करून त्यांनीच माल काढून दिला होता.

मी हे कागदावर मांडून दाखवलं. मालक गप्प राहिले, वकील कलम वाचत राहिले. आणि तेवढ्यात तो प्रकार घडला.

कांडी भरणाऱ्या, म्हणजे धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळणाऱ्या बायकांपैकी दोघी आमच्यासोबत आल्या होत्या. त्यातल्या एका अक्कांच्या पायाशी मोठी पिशवी होती. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती, आदल्या संध्याकाळी त्या होम मैदानावर जाऊन आल्या होत्या आणि पिशवी मुलीच्या घरी पोचवायची म्हणून तशीच घेऊन आल्या होत्या. पिशवीतून चेनवाल्या प्लास्टिकच्या कव्हरातलं ब्लँकेट दिसत होतं, वर मोठं गुलाबाचं फूल. मालकांनी ते पाहिलं.

“साहेब, हे बघा,” ते अधिकाऱ्यांना म्हणाले. “माझ्या कारखान्यात कांडी भरणारी बाई चायनाचं ब्लँकेट घ्यायली. मग मी चादर विकू कुणाला?”

खोलीत सगळे अक्कांकडे बघायला लागले. मला संताप आला, बोलणारही होते, पण अक्काच बोलल्या. पिशवी त्यांनी लपवली नाही.

“चादर मला बी कळते की मालक. तिची कांडी मी भरलेय. एका चादरीच्या पैशात ही दोन आली. घरात पाच माणसं झोपतात, थंडी पडलीय. तुम्ही दिवाळीपासून पगार दिला नाही. मी काय घेऊ?”

मालकांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी शहाणपणाने चहासाठी अर्धा तास सोडलं.

बाहेर टपरीवर जे झालं ते मी पहिल्यांदाच पाहत होते. मामांनी अक्कांना विचारून ब्लँकेट बाहेर काढलं. काठापाशी चिनी अक्षरांची चिठ्ठी होती. त्यांनी ते उलटं केलं. गुलाब एकाच बाजूला छापलेला, मागे नुसता फिका रंग. आपली चादर उलटली तर तीच नक्षी मागेही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते, कारण ती छापलेली नसते, विणलेली असते. मामांनी काठाचा एक धागा ओढून घेतला आणि टपरीवाल्याकडून काडेपेटी मागितली. मालकही जवळ आले. धाग्याला काडी लावली तसा तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी टणक गुठळी झाली. मग मालकांनीच गाडीतून नमुन्याची एक चादर आणली, तिच्या दशीचा धागा काढून दिला. तो सरळ जळला, कागद जळाल्यासारखा वास आला आणि राखाडी राख मामांच्या बोटावर पडली. मामांनी ती चोळली, काहीच उरलं नाही.

“मुलाबाळांच्या अंगावर हे घालायचं का?” मामा म्हणाले. मालक म्हणाले, “तेच तर मी सांगायलोय.” दोघं तेलुगूत बोलायला लागले. सुताचा काउंट, कुठल्या वर्षीचा रंग कसा टिकला, मोरपंखाची नक्षी आता कोण पंच करतं. कापडाबद्दल त्या दोघांत काडीचाही मतभेद नव्हता. त्या अर्ध्या तासात मला एक गोष्ट स्वच्छ दिसली: अक्कांना चादर परवडत नाही याचं कारण जसं चीनमध्ये आहे, तसं त्या चार हजेरीपत्रकांतही आहे. ज्या शहरात हजारो माणसं चादर-टॉवेलवर जगतात, त्यांच्याच खिशात चादरीचे पैसे नसतील तर पहिलं गिऱ्हाईक आपण घरातच गमावलं. स्वस्त आयातीशी झुंजायला मालकांनी मजुरी कापायचा मार्ग धरला, आणि मजुरी कापली की कामगार स्वस्त आयात मालच घेणार. मी हे चहाचा कप हातात धरून मालकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण वादही घातला नाही.

सोलापूरचा कामगार नुसतं ऐकून घेणारा कधीच नव्हता. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लावावा लागला होता, इतकं हे गिरणगाव पेटलं होतं. पुढे जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, भोंगे थांबले. गिरणीत निदान हजेरीकार्ड होतं, मस्टरवर नाव होतं, म्हणून हक्क मागता आला. यंत्रमागावर नाव लागावं यासाठीच आमची निम्मी ताकद जाते.

आत गेल्यावर आम्ही मागणी मांडली: तीन महिने धरायचेच तर माग भरून चालत होते तेव्हाचे धरा. वकिलांनी कायद्याचे शब्द वाचून दाखवले. आम्ही म्हणालो, काम तुम्ही बंद ठेवलंत, त्याची शिक्षा कामगाराला कशी? बरीच घासाघीस झाली. शेवटी मालक वकिलांना थांबवून म्हणाले, “चारशे धरा. पण एकदम देणं होणार नाही.” मामांचे १,८६,००० झाले. बाकीच्यांचेही त्याच प्रमाणात. पुढच्या तारखांचे चेक आणि माग विकून आलेल्या पैशातून पहिला हप्ता, असं लेखी ठरलं. मामांनी सही करताना आकडा दोनदा वाचायला लावला. पहिला हप्ता वेळेवर आला, नंतरचे ओढत-ताणत, पण आले.

त्या करारात अक्का आणि त्यांच्या सोबतीण नव्हत्या. कांडीवाल्यांची नावं चारपैकी एकाही हजेरीपत्रकात नव्हती. किलोवर काम, आठवड्याला हातात रोख. “त्या आमच्या कामगार नाहीत, बाहेरून येतात,” एवढ्या एका वाक्यावर मालक अडून बसले आणि बाकीच्या माणसांचं ठरलेलं मोडू नये म्हणून त्या दोघींचा दावा आम्हाला वेगळा करावा लागला. जॉबरच्या डायरीत कांडी मशीनचा पट्टा तुटल्याच्या नोंदी आहेत, मशीनवर कोण बसलं होतं ते नाही.

पुरावा शोधता शोधता एका पोराच्या मोबाईलमध्ये खंडेनवमीचा फोटो सापडला. मागांना हार घातलेले, नारळ फोडलेला, पुढे मालक सहकुटुंब, मागे सगळे कामगार, आणि डाव्या बाजूला कांडी मशीनला हळदकुंकू लावून उभ्या असलेल्या या दोघी. असेच आणखी दोन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो मिळाले. तिन्हींच्या प्रती काढून, फोटोतल्या प्रत्येकाचं नाव मागे लिहून, आम्ही त्या अर्जाला जोडल्या. आता फोटोतल्या कामगारांचे जबाब नोंदवायचे आहेत. यादीत पहिलं नाव मामांचं आहे.