काही कळवले नाही, म्हणजे सारे ठीक?

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून निघालेले ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ हे प्रवासी जहाज पुढचे दरवाजे उघडे असतानाच समुद्रात शिरले आणि काही मिनिटांत कलंडले. १९३ माणसे मृत्युमुखी पडली. दरवाजे लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी आपल्या खोलीत झोपलेला होता. ते लागले की नाही हे पाहायचे होते तो अधिकारी तिथे थांबला नव्हता. आणि कप्तानाने, उलट निरोप आला नाही त्या अर्थी जहाज निघायला तयार आहे, असे गृहीत धरले. तशीच तिथली पद्धत होती.

या प्रकरणात मला त्या झोपलेल्या खलाशापेक्षा एका दिव्याचे महत्त्व अधिक वाटते. दरवाजांची स्थिती ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, कळावी म्हणून तिथे सूचक दिवे बसवावेत, अशी लेखी मागणी कप्तानांनी अपघातापूर्वीच केली होती. संबंधित कर्मचारी जागा आणि शुद्धीवर आहे की नाही हे कळायलाही आता दिवा हवा काय, अशा अर्थाचा कुचेष्टेचा शेरा किनाऱ्यावरच्या कार्यालयातून त्यावर आला. दुर्घटनेनंतर तेच दिवे उरलेल्या जहाजांवर काही दिवसांत बसले.

तरीही १९९० मध्ये सदोष मनुष्यवधाच्या खटल्यातून जहाजाची कंपनी सुटली. कंपनीला दोषी धरायचे तर तिचे ‘मन’ मानता येईल अशी एखादी वरिष्ठ व्यक्ती स्वतः दोषी ठरावी लागे, आणि दहा जणांच्या चुकांची बेरीज करून ती कंपनीच्या माथी मारण्याची सोय त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात नव्हती. परिणाम असा, की छोट्या धंद्याचा मालक चटकन सापडे आणि अधिकाऱ्यांची उतरंड जितकी मोठी तितकी वरच्यांची सुटका सोपी होई. २००७ च्या ब्रिटिश कायद्याने ही अडचण बरीच दूर केली, पण त्याखाली शिक्षा होते ती कंपनीला. संचालकाला व्यक्तिशः गाठते ते १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याचे कलम ३७. कंपनीचा गुन्हा त्याच्या संमतीने, त्याने कानाडोळा केल्याने किंवा त्याच्या हयगयीमुळे घडला असेल, तर तोही गुन्हेगार ठरतो. यातला ‘हयगय’ हा शब्द सर्वांत जाचक आहे, कारण ‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून तिथे भागत नाही; माहीत असायला हवे होते का, हा पुढचा प्रश्न येतोच.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली, म्हणजे भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, दुरुस्ती होऊन कंपनीच्या बाबतीत कोणत्याही एका संचालकाला ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेली आणि कायद्याला जबाबदार व्यक्ती, मानण्याची तरतूद आली. एखाद्या अधिकाऱ्याचे नाव पुढे करून संचालकांना नामानिराळे राहता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियात राज्यांनी स्वीकारावा म्हणून २०११ मध्ये तयार केलेल्या नमुना कायद्याने तर वरिष्ठांच्या ‘योग्य दक्षते’चा अर्थच कलमात लिहून ठेवला: धोके समजून घेणे, साधने पुरवणे, धोक्याची माहिती वेळेत पोहोचेल आणि तिच्यावर कृती होईल अशी व्यवस्था ठेवणे, आणि हे सारे खरोखर वापरात आहे याची पडताळणी करणे. काम खाली सोपवता येते. ही पडताळणी सोपवून मोकळे होता येत नाही.

संचालक मंडळाच्या ज्या बैठकांना मी बसलो, तिथे सुरक्षेचा अहवाल बहुधा शेवटी, सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असताना येई आणि इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ एवढ्या दोन शब्दांत आटोपे. संचालकांना ते शब्द बचावाचे वाटतात. पण अपघातानंतर वकिलाच्या हाती तेच इतिवृत्त पडले, तर त्यातून एवढेच सिद्ध होते, की धोका कळला होता आणि पुढे काही केले नाही. ‘या महिन्यात शून्य घटना’ या ओळीचाही मला तितकाच संशय येतो. थोडक्यात टळलेला एकही अपघात नोंदला जात नसेल, तर तिथे कप्तानाचीच पद्धत चालू असण्याचा संभव अधिक.

म्हणून हल्ली मी अहवालातील आकड्यांआधी दोन गोष्टी विचारतो: सुरक्षेसाठी मागितलेला कोणता खर्च या तिमाहीत नाकारला गेला, आणि त्या नकारावर सही कोणाची आहे?