पत्रेकामासाठी मिग घेताय? आधी खालचा आकडा बघा

मिग म्हणजे बारीक तार आपोआप पुढे येत वितळते आणि जोड होतो, ते वेल्डिंग. त्याच्या मशीनची सगळी जाहिरात वरच्या आकड्यावर, म्हणजे जास्तीत जास्त करंटवर चालते. २०० अँपिअर, २५० अँपिअर, एवढ्या जाडीची प्लेट एका दमात. मी घरच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचं पत्रेकाम करतो. दारांचे कुजलेले खालचे काठ, चाकांच्या कमानी, फ्लोअरला पडलेली भगदाडं, आणि अधूनमधून एखादं लोखंडी स्टँड किंवा गेटची बिजागरी. यात मशीन १२० च्या वर न्यायची वेळ फारशी येत नाही. म्हणून कुणी "कुठलं मशीन घेऊ?" असं विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: ते खाली किती उतरतं?

हिशेब सोपा आहे. पोलादी पत्र्याला मिलिमीटरमागे साधारण ४० अँपिअर धरतात. गाडीच्या बॉडीचा पत्रा बहुतेक ०.७ ते १ मिमी. म्हणजे आपलं निम्मं काम ३० अँपिअरच्या आसपासच चालतं. ज्या मशीनची सुरुवातच ५० ला होते, ते अशा पत्र्याला टॅक (ठिपक्याएवढा वेल्ड) मारायच्या आधी भोक पाडतं. मग ते भोक भरायला आणखी एक टॅक, त्याच्या कडेला आणखी एक भोक, आणि संध्याकाळपर्यंत पॅच होता त्याच्या दुप्पट.

पाटीवर ३० लिहिलंय एवढ्यावरही जाऊ नका. त्या ३० वर आर्क, म्हणजे तार आणि पत्रा यांच्यामधली विजेची ज्योत, टिकला पाहिजे. काही मशिनं तळाला गेली की फटफट करायला लागतात. तार वितळायच्या आत पत्र्यावर आपटते आणि टॉर्च (तार जिच्यातून बाहेर येते ती हातातली मूठ) हाताला मागे ढकलते. चांगल्या मशीनचा आवाज खालीही एकसारखा, चर्रर्र असा येतो. मिगमध्ये पातळ पत्र्यावर तार दर सेकंदाला कितीतरी वेळा पत्र्याला टेकते, शॉर्ट होते, तिचं टोक वितळून सुटतं आणि पुन्हा टेकते. तो सलग आवाज याचाच. ताल बिघडला की कानाला आधी कळतं, डोळ्याला नंतर.

तारेचं म्हणाल तर पत्र्याला ०.६ मिमी. बरेच जण ०.८ वरच सगळं उरकतात, आणि हात बसला असेल तर जमतंही. पण ०.६ ची तार आडव्या छेदात ०.८ च्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त भरते, त्यामुळे कमी करंटवर ती सहज वितळते आणि टॅकचा उंचवटाही लहान राहतो. उंचवटा लहान म्हणजे ग्राइंडिंग कमी, आणि ग्राइंडिंग कमी म्हणजे पत्रा तापून वाकणंही कमी. पत्रा वेल्डिंगने वाकतो तसा ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (घासायची चकती) एका जागी दाबून धरल्यानेही वाकतो, हे विसरलं जातं. मशीन घेताना ०.६ चा रोलर (तार पुढे ढकलणारं खाचेचं चाक) सोबत मिळतो का ते बघा. अनेकदा पेटीत ०.८ आणि १.० चाच येतो. टॉर्चच्या तोंडातली टिपही, जिच्या भोकातून तार बाहेर येते, त्याच मापाची हवी.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते: तार पुढे ढकलणारी यंत्रणा. मिगमध्ये करंट मुख्यतः तारेच्या वेगावर ठरतो. तार अडखळली की करंट अडखळला. तुमचा हात कितीही स्थिर असो, वेल्ड डागाडागांचा होणार. झाकण उघडून फीडरची चौकट बघा. ती ओतीव धातूची असेल तर उत्तम. प्लॅस्टिकची असेल तर दाब वाढवला की ती किंचित वाकते, रोलर तारेवर तिरका बसतो आणि तार कधी सरकते, कधी सरकत नाही. घरच्या कामाला दोन रोलर पुरतात, चारांचा आग्रह नको.

दाब किती ठेवायचा याची माझी पद्धत अशी. टॉर्चचं तोंड लाकडाच्या ठोकळ्यासमोर दोन बोटं अंतरावर धरायचं आणि ट्रिगर दाबायचा. अर्थ क्लॅम्प (कामाच्या पत्र्याला लावायचा मशीनचा चिमटा) लांब ठेवायचा आणि हातमोजा घालायचा, कारण तारेत करंट असतो. तार लाकडावर टेकून गोल वळत बाहेर येत राहिली तर दाब बरोबर. रोलर घसरला तर थोडा वाढवायचा. पण पिळून घट्ट करायचा नाही, नाहीतर टिपमध्ये तार अडकली की रोलरपाशी तिचं घरटं होतं आणि ते कापून काढण्यात वेळ जातो. विकत घेण्याआधी हाच प्रयोग केबलला एक मोठं वळण देऊन करा. सरळ केबलमध्ये कुठलंही मशीन तार देतं.

टॉर्च सुटी होणारी, युरो कनेक्टरची (मशीनवरून काढता येणाऱ्या ठरावीक जोडाची) असावी. लाइनर (केबलच्या आतली, तार सरकते ती नळी) झिजतो, केबल तुटते, ट्रिगर जातो. टॉर्च मशीनलाच जोडलेली असेल तर दर वेळी अख्खं मशीन उचलून न्यावं लागतं.

इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारं हलकं मशीन) की ट्रान्सफॉर्मर (जड गुंडाळीचं मशीन), या वादात मी इन्व्हर्टरच्या बाजूचा. जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मर मशीनला व्होल्टेजच्या ठरावीक पायऱ्या असतात, आणि पातळ पत्र्याला नेमकं दोन पायऱ्यांच्या मधलं काहीतरी हवं असतं. इन्व्हर्टरवर बटण हवं तेवढं फिरवता येतं. शिवाय तो एका हाताने उचलून गाडीखाली सरकवता येतो. ट्रान्सफॉर्मर मात्र दणकट, हे मान्य. इन्व्हर्टरचा पंखा हवेबरोबर ग्राइंडरची लोखंडी धूळ आत ओढतो, आणि ती बोर्डावर बसली की खर्च निघालाच. ग्राइंडर आणि मशीन एकमेकांपासून दूर ठेवा आणि अधूनमधून आत हवा मारा.

ड्यूटी सायकलवरून, म्हणजे दहा मिनिटांत मशीन किती वेळ आर्क देऊ शकतं यावरून, लोक उगीच भांडतात. १५० अँपिअरला २५ टक्के म्हणजे दहा मिनिटांतली अडीच मिनिटं सलग आर्क. पत्रेकामात ट्रिगर सेकंदभर दाबायचा, सोडायचा, वीतभर लांब पुढचा टॅक मारायचा, मग मागे यायचं. मशीनला विश्रांतीच विश्रांती. गेटं आणि फ्रेमच दिवसभर करणार असाल तर मात्र हा आकडा बघा.

गॅसमध्ये काटकसर करू नका. आर्गॉनमध्ये ५ ते २० टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण पातळ पत्र्याला छान बसतं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडने वेल्ड होतो, स्वस्तही पडतो, पण आर्क कडक होतो आणि ठिणग्यांचे दाणे काचेवर, रंगावर सगळीकडे चिकटतात. बिनगॅसची फ्लक्सची तार (पोटात पावडर असलेली) वाऱ्यात, उघड्यावर कामाची. पत्र्यावर मात्र ती जास्त तापते आणि प्रत्येक टॅकनंतर मळी झाडावी लागते. तरीही कधीतरी ती वापरायची असेल तर पोलॅरिटी बदलता येणारं मशीन घ्या: साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्ह लागते, बिनगॅसच्या तारेला बहुधा निगेटिव्ह.

अॅल्युमिनियमचं स्वप्न दाखवणाऱ्या मशिनांना मी फारसा भाव देत नाही. त्याला शुद्ध आर्गॉन, टेफ्लॉन लाइनर, यू खाचेचा रोलर आणि मऊ तारेसाठी आखूड टॉर्च किंवा स्पूल गन (तारेचं रीळ अंगावरच असलेली टॉर्च) लागते. वर्षाकाठी एखादं काम असेल तर ते बाहेरून करून घेतलेलं परवडतं.

एक कबूल करायला हवं: पत्रेकामाला मिग हा एकमेव मार्ग नाही. मिगचा टॅक कडक होतो, हातोडीने चेपून सपाट करणं अवघड जातं. टिगचा, म्हणजे एका हाताने आर्क धरून दुसऱ्याने तार देण्याच्या पद्धतीचा, वेल्ड मऊ, तो ठोकून घेता येतो. पण टिगला स्वच्छ पत्रा आणि दोन्ही हात मोकळे लागतात. गाडीखाली उताणं पडून, तोंडावर गंज झडत असताना मी मिगच निवडतो.

दुकानात जाताना खिशात ०.८ च्या पत्र्याचे दोन तुकडे न्या, रंग आणि जस्ताचा लेप घासून काढलेले. जस्त राहिलं तर धूरही वाईट आणि आर्कही फसवा. तुकडे कडेला कड लावून ठेवायला सांगा, मशीन तळाला न्यायला सांगा आणि टॅक मारून बघा. मग तुकडा उलटा करा. मागे निळसर वर्तुळ आणि मधोमध किंचित फुगवटा दिसला तर टॅक आरपार गेलाय. मागे काहीच नसेल तर तो नुसता वर चिकटलाय, भोक असेल तर मशीन पुरेसं खाली येत नाही. विकणारा "हे तर जाड कामाचं मशीन आहे" म्हणाला तर त्याचे आभार माना आणि पुढचं मशीन बघा.