पाच तारे, दीडशे रुपये

आधी कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षी मे महिन्यात ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरला मी पाच तारे दिले, तेव्हा त्यात एक नारळसुद्धा वाटला नव्हता. खोक्यात चकचकीत कार्ड होतं: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा, दीडशे रुपये मिळवा. मी रिकामं भांडं पाच सेकंद फिरवलं, ‘एकदम मस्त, आवाज कमी’ असं लिहिलं आणि पैसे घेतले. माझ्या नावाखाली ‘व्हेरिफाइड पर्चेस’चा शिक्काही आला. शिक्का खोटा नव्हता हो. मिक्सर मी विकत घेतलाच होता. वापरला नव्हता, एवढंच.

मग आली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यातल्या आमच्या माशेलच्या घरी त्या दिवशी पंगतीला पंचवीस माणसं. खतखतं, मुगागाठी, भाज्या, सगळ्यालाच खोबरं. तिसरं भांडं वाटताना मिक्सर घुरघुरला आणि थांबला. बुडाखालचा लाल खटका दाबला, पुन्हा चालू झाला, पुन्हा थांबला. मग जळका वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मागीलदारी पडलेला रगडो, म्हणजे वाटायचा दगड, धुऊन त्यांनी स्वतः वाटायला घेतलं.

त्या रात्री मी ते रिव्ह्यू पुन्हा वाचायला बसले. तेव्हा ४.३ हा आकडा बघितला होता आणि बारा हजारांच्या पुढची संख्या. आता मजकूर वाचला. ‘वेळेत मिळाला.’ ‘पॅकिंग छान.’ ‘रंग फोटोसारखाच.’ खरेदी झाली की चार दिवसांत साइट विचारते, कसं वाटलं? माणूस बिचारा चार दिवसांचंच सांगणार. आमच्याकडे वस्तूची खरी परीक्षा जुलैत सुरू होते. दमट हवेनं स्क्रू गंजतात, वीज जाते-येते, तिकडे लक्ष कोणाचं? बरं, अधेमधे लोक ‘हँडल पकडायला हलकं आहे, सूप भांड्यातच घुसळता येतं’ असंही लिहीत होते. म्हणजे तो हँड ब्लेंडर! दुसऱ्याच वस्तूचं कौतुक त्याच पानावर येऊन साठलेलं.

शेवटी रिव्ह्यूंच्या शोधात मी ‘कोकोनट’ टाकलं. बारा हजारांतले जेमतेम चाळीस उरले, आणि पहिल्यांदाच माझ्यासारखी माणसं भेटली. मंगळूरची एक बाई, केरळातले दोघे-तिघे. सगळ्यांचं म्हणणं एकच: चटणी होते, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण केलं की मोटर तापते. तीन तारे, दोन तारे. हे चाळीस मी मे महिन्यात वाचले असते तर पाचशे वॅटचं ते यंत्र घरात आलंच नसतं.

सरकारनं यावर काही केलं नाही असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानक आलं. लिहिणाऱ्याची खात्री करा, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नका, असं त्यात आहे. पण आलं ते ऐच्छिक म्हणून. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून आहे. ती दुकानातून स्वतःचे पैसे मोजून वस्तू आणते आणि जाहिरात घेत नाही. आपल्याकडे दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या छापते. अशांवर माझा विश्वास जास्त, कारण त्यांच्या खोक्यात दीडशे रुपयांचं कार्ड टाकायला कोणाला जमत नाही. (सासरे मात्र फ्रिजवरचे सरकारी तारे बघून ‘पाच तारे आहेत, दहा वर्षं टिकेल’ म्हणतात. ते तारे विजेच्या बचतीचे, टिकाऊपणाचे नव्हेत, हे त्यांना सांगून मी थकले.)

जळलेला मिक्सर घेऊन फोंड्याला दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी भांडं काढलं, खालचा कपलर बोटानं फिरवला, मोटरीचा वास घेतला आणि म्हणाले, “वहिनी, हें मशीन चटणेक बरें, वाटपाक न्हय.” वाटप म्हणजे आमचं वाटण. बारा हजार लोकांनी न सांगितलेली गोष्ट एका वाक्यात! त्यांच्या फळीवर मेलेले मिक्सर ओळीनं मांडलेले. मी लगेच कंपन्या मोजायला लागले, तर काका हसले. “जो जास्त खपतो तोच जास्त येणार ना माझ्याकडे?” मग कुठला घेऊ विचारलं, तर त्यांनी साडेसातशे वॅटच्या एकाचं नाव घेतलं. त्याचीच तीन नवी खोकी त्यांच्या पाठीमागे विकायला होती. तरी घेतला. निदान ते मला तोंडावर सांगत होते, आणि बिघडला तर त्यांच्याच दारात जाऊन बसता येणार होतं.

घरी येऊन जुन्या रिव्ह्यूचे पाचाचे दोन तारे केले आणि कार्डाची हकिकतही लिहिली. सरासरी ४.३ वरून ढिम्म हलली नाही. नव्या मिक्सरबद्दल नवरा रोज विचारतो, लिहिलंस का? अजून नाही. ही चवथ होऊ दे, पंचवीस माणसांचं वाटप निघू दे, मग लिहिते.